पुढचं जहाज

त्या शनिवारी कॉलेजची लायब्ररी दीड वाजता बंद केली आणि उल्हासनगरहून मी घरी बदलापूरला न जाता अंबरनाथला, बुवापाड्यात माहेरी गेले. माई वालाची उसळ करणार होती. बाबा ओट्यावर उन्हात बसून प्रेशर कुकरचं हँडल बसवत होते. स्क्रू ओठांत धरलेला असल्यामुळे ते बोलले नाहीत. मला आत जाता यावं म्हणून पाय तेवढे बाजूला घेतले.

तीनच्या सुमारास पोस्टमन हरिचंद्र सायकलवरून आला. फाटकाशी त्यानं एक पाय टेकला.

"सुभेदार, आज तुमच्या नावाचं काय नाय."

"लाइटचं बिल तरी?"

"ते पण नाय. सरकार विसरलं तुम्हाला."

"त्यात नवीन काय?" बाबा म्हणाले. दोघे हसले. हरिचंद्र पुढे गेला. हे संभाषण साडेतीन वर्षं, रविवार सोडून रोज, थोड्याफार फरकानं होत होतं. शेजारच्या मालिनीकाकू त्यावर घड्याळ लावतात असं माई म्हणायची.

मी ताटं धुवत होते. बाबा कुकर घेऊन आत आले, तो शेगडीशेजारच्या ओट्यावर ठेवला, झाकण दोनदा लावून काढून पाहिलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "नीलू, पत्रं गहाळ होतात का गं?"

"होतात की. रोज होतात."

"निर्वासितांच्या छावणीतनं वगैरे आलेली?"

"ती तर जास्तच."

"हं," ते म्हणाले. "मग तसं असेल."

संध्याकाळी ते मला स्टेशनपर्यंत सोडायला आले. वाटेत रस्त्याखालून पाणी जायला दोन मोऱ्या आहेत. प्रत्येक मोरीपाशी बाबा थांबायचे, कडेची माती बघायचे आणि मगच पाऊल टाकायचे. बुवापाड्यातल्या पोरांनी त्यांना 'गटार इन्स्पेक्टर' नाव ठेवलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशीही थांबले. "ठीक आहे, चल," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना ते गेले. मी पोचले तेव्हा एका गालावरचा साबण वाळलेला होता. तो पुसायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी पुसला.

पत्र गहाळ झालेलं नव्हतं. सव्वादोन वर्षं ते माझ्याकडे होतं.

*

बाबा सैन्याच्या इंजिनिअर तुकडीत सुभेदार होते. सत्त्याऐंशी साली आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली, तिच्यात तेही गेले. ज्या तमिळांच्या रक्षणासाठी जायचं होतं त्यांच्यातल्याच वाघ म्हणवणाऱ्या संघटनेशी पुढे लढाई जुंपली. बाबांचं काम सकाळचं असे. ट्रक निघायच्या आधी रस्ता चालत तपासायचा. सुरुंग बहुधा मोऱ्यांत पुरलेले असत.

रस्ता दाखवायला त्यांच्यासोबत कनकसभै नावाचा एक तमिळ माणूस होता. तिथल्या बांधकाम खात्याचा रोजंदारीवरचा मुकादम. त्रिंकोमालीच्या आसपासच्या रस्त्यांवर त्यानं दहा वर्षं मुरूम टाकला होता. त्याचं हिंदी सगळं रेडिओ सिलोनच्या गाण्यांतून आलेलं. त्यामुळे तो बाबांना 'हुजूर' म्हणायचा आणि सुरुंग दिसला की 'मेहरबान, ज़रा ठहरिए' असं सांगायचा. जवान हसून बेजार व्हायचे. एकदा एका मोरीपाशी तो नुसताच उभा राहिला. सुरुंग शोधायचं यंत्र काही दाखवत नव्हतं. तो म्हणाला, "हुजूर, ये मिट्टी मेरी नहीं है." खणल्यावर खाली जे निघालं त्यानं बाबांसकट अकरा माणसं गेली असती.

सुट्टीवर आले की बाबा हे रंगवून सांगायचे. पुढचं मात्र त्यांनी एकदाच सांगितलं. नव्वद सालच्या श्रावणात, ते निवृत्त होऊन घरी आल्यावर, एकदा माई हळदीकुंकवाला गेली होती. मी पुऱ्या लाटत होते आणि ते तळत होते.

नव्वदच्या मार्चमध्ये फौज परत निघाली. आपल्या बाजूनं लढलेल्या पक्षांची माणसं, त्यांची बायकामुलं, अशांच्या याद्या झाल्या आणि पुष्कळजण आधीच्या जहाजांनी आले. कनकसभै कुठल्याच पक्षात नव्हता. त्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. बाबा तीनदा त्याचं नाव घेऊन साहेबाकडे गेले. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, "सुभेदार, आपली माणसं मोजा आणि चढा."

धक्क्यावर तारेच्या पलीकडे तो बायको, सात वर्षांची मुलगी आणि पत्र्याची पेटी घेऊन उभा होता. घराला कुलूप लावून किल्ली शेजाऱ्याला देऊन आला होता. त्यानं विचारलं, "हुजूर, कौन सा जहाज?"

"मी म्हटलं, अगला. अगले जहाज से आना." बाबांनी पुरी उलटली. "सिगारेटच्या पाकिटावर इथला पत्ता लिहून दिला. पुढचं जहाज नव्हतं, नीलू. त्याच्यासाठी तर नव्हतंच. मला माहीत होतं."

मी पुढची पुरी त्यांच्या हातात दिली.

"खरं सांगितलं असतं तर त्याला निसटायला वेळ मिळाला असता. आम्ही निघालो की वाघ गावात येणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तो बसला असेल तिथेच. मी सांगितलं म्हणून."

पुरी करपली होती. त्यांनी ती काढून बाजूला ठेवली आणि नंतर स्वतःच खाल्ली.

त्याचा शोध घ्यायला युनिटला त्यांनी तीन पत्रं पाठवली. एकाला उत्तर आलं, या नावाचा माणूस आमच्या नोंदीत नाही. घरात सकाळी लागणारं सिलोन बंद झालं. रेडिओ त्यांनी पुतळाआत्याला देऊन टाकला. आणि रोज तीनला ओट्यावर बसू लागले.

*

एक्याण्णवच्या सप्टेंबरात ते पत्र आलं. त्या मे महिन्यात तमिळनाडूत निवडणुकीच्या सभेत स्फोट होऊन देश हादरला होता. श्रीलंकेतून आलेल्या प्रत्येक तमिळ माणसाकडे संशयानं बघितलं जात होतं. बाबांना नुकतीच एका कारखान्यात रात्रपाळीच्या सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी लागली होती, पण पोलीस व्हेरिफिकेशन व्हायचं होतं. माझं लग्न श्यामकांतशी ठरलं होतं. त्याचे वडील त्याच कारखान्यात ऑफिसर. डिसेंबरची तारीख धरलेली.

चौकशीला हवालदार आला तेव्हा बाबा घरी नव्हते. चहा पिता पिता त्यानं माईला विचारलं, "साहेब लंकेत होते ना? मग तिकडचं कोण येतं-जातं? पत्रबित्र?"

"नाही हो," माई म्हणाली. तो गेल्यावर ती बराच वेळ कपबशी हातात धरून बसली होती.

चौथ्या दिवशी पत्र आलं. हरिचंद्र गणपतीला गावी गेला होता. बदलीच्या पोस्टमननं कोपऱ्यावर मलाच विचारलं, "सुभेदार दिनानाथ कुठे राहतात?" निळं आंतरदेशीय होतं. मी ते तिथेच उभ्यानं फोडलं.

इंग्रजीत अकरा ओळी होत्या, कुणाकडून तरी लिहवून घेतलेल्या. खाली सही तमिळमध्ये. आम्ही धक्क्यावर दोन दिवस थांबलो. मग रानातल्या नातेवाइकांकडे लपलो. जूनमध्ये पुन्हा लढाई सुरू झाली तेव्हा होडीनं रामेश्वरला आलो. बायको होडीत वारली. मुलगी बरोबर आली, पण मे महिन्यापासून मला वेगळ्या, बंद छावणीत ठेवलं आहे. मी वाघांचा माणूस नाही हे सांगणारं कुणी नाही. इथले अधिकारी म्हणतात, फौजेतलं कुणी ओळखत असेल तर त्याचं पत्र आण. आपण दोन ओळी लिहाव्यात. उत्तर आलं नाही तर पुन्हा त्रास देणार नाही. आणि शेवटी, पुढचं जहाज मिळालं नाही हुजूर, तरी आम्ही पोचलो.

मी ते घडी करून पर्समध्ये ठेवलं. घरी आले. बाबांनी विचारलं, "कोण होता गं कोपऱ्यावर?"

"पत्ता विचारत होता."

मी पंधरा दिवसांचा हिशेब केला होता. व्हेरिफिकेशन होऊ दे, नोकरी पक्की होऊ दे, मग देते. बाबांना आज दिलं तर ते आजच निघतील, छावणीच्या दारात उभे राहतील, आणि हवालदाराच्या वहीत ते चढेल, हे मला दिसत होतं. ते चुकीचं दिसत होतं असं मला अजूनही म्हणता येत नाही. पण त्या पंधरा दिवसांत दुसराही एक माणूस पंधरा दिवस मोजत असेल, तिकडे मी बघितलं नाही.

नोकरी ऑक्टोबरच्या मध्यावर पक्की झाली. त्या दिवशी पत्र द्यायचं तर महिनाभर दडवलं हेही सांगावं लागणार होतं. बाबा पेढे वाटत होते. म्हटलं, लग्नानंतर. लग्नाच्या दिवशी मांडवात त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा पत्र माझ्या नव्या सूटकेसमध्ये, साड्यांखाली होतं. हेंद्रेपाड्यातल्या सासरच्या कपाटात ते ठेवता येईना, म्हणून लायब्ररीत नेलं. एक जुना मोठा नकाशासंग्रह आहे, तो कुणी काढत नाही. त्यात श्रीलंकेच्या पानावर ठेवावं असं मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. मागच्या सूचीत ठेवलं.

मग प्रत्येक दिवसानं आदल्या दिवसाचं ओझं वाढवलं. हरिचंद्र यायचा, "काय नाय" म्हणायचा, आणि मी तिथे असले तर आत काहीतरी काम शोधायची. ब्याण्णवमध्ये निर्वासितांना जहाजानं परत पाठवायला लागल्याची बातमी आली. बाबांनी ती कात्रीनं कापून ट्रंकेत ठेवली. "यांना आता जहाज मिळालं," एवढंच म्हणाले. त्या आठवड्यात मी छावणीच्या पत्त्यावर स्वतः पत्र लिहिलं, बाबांच्या नावानं, त्यांची सही करून, उत्तराचा पत्ता लायब्ररीचा देऊन. दोन महिन्यांनी ते परत आलं. त्यावर शिक्का होता, सदर इसम येथे नाही. कुठे आहे ते लिहिलेलं नव्हतं. मुलीचं तर मला नावही माहीत नव्हतं. पत्रात ते नव्हतं.

आता सांगून काय होणार, असं मी त्यानंतर स्वतःला सांगत आले. होणार होतं. बाबांना कळलं असतं की तो धक्क्यावर मेला नाही. त्यांना तेवढं पुष्कळ होतं हे मला माहीत होतं. पण मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता.

*

दहाव्याला बदलापूरला नदीवर गेलो, मांजर्लीच्या बाजूला. भाऊ नसल्यामुळे चुलतभाऊ भगवंत क्रिया करत होता. पुतळाआत्या म्हणाल्या, "पोरीनं कशाला यायचं घाटावर?" मी म्हटलं, येणार. श्यामकांत माझ्या बाजूला उभा राहिला, म्हणून त्या गप्प बसल्या.

आदल्या दिवशी मी लायब्ररीत जाऊन पत्र आणलं होतं. का, ते ठरवलेलं नव्हतं. ब्लाउजमध्ये होतं.

पिंड मांडले. आम्ही मागे सरकलो. समोरच्या उंबरावर सात-आठ कावळे होते. एक खाली उतरला, पिंडापासून वीतभर अंतरावर आला, मान वाकडी केली आणि परत गेला. पाव तास गेला. शेजारी दुसऱ्या कुणाचा पिंड मांडला होता, त्याला लगेच शिवले. त्या घरचे लोक आमच्याकडे सहानुभूतीनं बघत निघून गेले.

"काका," भगवंत हात जोडून म्हणाला, "काकीला आम्ही बघू. काही कमी पडू देणार नाही."

कावळे बसून राहिले.

"गावच्या जमिनीला हात लावणार नाही, काका. बिल्डर आला तरी."

"तो बिल्डर तूच आणलावस," आत्या म्हणाल्या. "त्याला काय ठावं नाय व्हय?"

"आत्या, इथे तरी..."

"आरं दिन्या, ये ना रं!" आत्या नदीकडे तोंड करून ओरडल्या. "कशात जीव आडकला तुझा? नीलूच्या पोराचं तोंड नाय बघितलंस म्हनून? व्हईल रं तिला. आज ना उद्या व्हईल. नको घोर करूस."

मी मान खाली घातली. श्यामकांतनं घसा खाकरला.

"चहा ठेवा," भगवंत म्हणाला. "काकांना चहा लागायचा."

"चहा?" आत्या म्हणाल्या. "फौजी मानूस तो. कँटीनची बाटली ठेव, बघ कसा येतो."

भगवंतला हसू आवरेना. मलाही आलं असतं. बाबांना नक्की आलं असतं. श्यामकांत टपरीवरून प्लास्टिकच्या कपात चहा घेऊन आला आणि पिंडाशेजारी ठेवला. वाफ बंद होईपर्यंत आम्ही सगळे त्या कपाकडे बघत होतो.

चिंतामणी गुरुजींनी घड्याळ बघितलं. त्यांना अकराला अंबरनाथला दुसरं कार्य होतं. ते चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी पिशवीतून दर्भाच्या काड्या काढल्या आणि वळायला घेतल्या. "होतं असं," ते भगवंतला म्हणाले. "शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करून शिववायचा, की झालं. कुणी मनाला लावून घेऊ नये."

त्यांची बोटं सराईत होती. एक काडी दुमडली, दुसरी तिच्यातून ओवली, मान झाली, चोच झाली. मी त्या बोटांकडे बघत होते. अजून मिनिटभरात गवताचा कावळा पिंडाला टेकणार, गुरुजी 'झालं' म्हणणार, आम्ही हातपाय धुऊन घरी जाणार. तेराव्याला गोडाचं होईल. माई बाबांची ट्रंक मला देईल आणि तीत ते कात्रण असेल. कुणीही मला कधीच काही विचारणार नाही. सव्वादोन वर्षं मी ज्या खोलीत होते, तिचं दार आता बाहेरून, सगळ्यांच्या संमतीनं लागणार होतं.

कावळ्यांवर माझा विश्वास आहे की नाही, ते मला सांगता येणार नाही. पुस्तकं वाचून माणसाचे असले विश्वास जातात आणि अशा जागी परत येतात. पण तारेपलीकडच्या माणसाला दोन ओळी हव्या होत्या, आणि अलीकडच्या माणसाला एक. ती एक ओळ फक्त माझ्याकडे होती.

"थांबा, गुरुजी."

त्यांनी मान वर केली. दर्भाचा कावळा त्यांच्या तळहातावर तयार होता.

"काय गं?" आत्या म्हणाल्या. "तुझं काय मधीच?"

मी पुढे गेले. चप्पल काढलेली होती, वाळू गार होती. पत्र बाहेर काढलं. घड्यांवर ते फाटायला आलं होतं. पिंडाच्या अगदी जवळ, ओट्यावर बाबांशेजारी बसावं तेवढ्या अंतरावर, खाली बसले.

"बाबा," मी म्हटलं, "कनकसभैचं पत्र आलं होतं."

मागे कुणीतरी "कोण?" असं विचारलं.

"एक्याण्णवच्या गणपतीत आलं. तो धक्क्यावर मेला नाही, बाबा. दोन दिवस थांबला आणि मग गेला. मुलीला घेऊन होडीनं रामेश्वरला पोचला. बायको वाटेत गेली. तुमच्याकडे त्यानं दोन ओळी मागितल्या होत्या, तुम्ही त्याला ओळखता एवढ्याच. त्या मी तुम्हाला लिहू दिल्या नाहीत. तो आता कुठे आहे ते मला माहीत नाही."

श्यामकांतनं माझ्या खांद्याला हात लावला. मी तो राहू दिला.

"तुम्ही मला विचारलंत, पत्रं गहाळ होतात का. हे झालं नव्हतं, बाबा. हे मी घेतलं होतं."